सेन्सरची लांबीरुंदी आणि भिंगाचं छिद्र : खिशातला कॅमेरा निवडताना चुकणारी मोजपट्टी



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. आम्ही तीनचार हौशी मंडळी गेली बरीच वर्षं ओळखीच्यांना कॅमेरे सुचवतो आहोत. फोन येतो, "लहानसा, पण चांगला कॅमेरा सांगा." मग आम्ही विचारायचं, बजेट किती? आणि त्या बजेटमध्ये सगळ्यात मोठा सेन्सर ज्याचा, तो कॅमेरा सांगून मोकळं व्हायचं. मोठा सेन्सर म्हणजे जास्त प्रकाश, जास्त प्रकाश म्हणजे चांगला फोटो. हिशेब संपला.

आमच्या ओळखीच्या एका ताईंना आम्ही असाच कॅमेरा सुचवला. त्यांचे वडील कीर्तनकार. वय झालेलं, आवाज थकलेला, आणि गावच्या देवळात त्यांचं शेवटचं कीर्तन ठरलेलं. ताई बसल्या बायकांच्या बाजूला, खांबाजवळ. तिथून वडिलांचा चेहरा चौकटीत भरायचा तर झूम पूर्ण खेचावा लागे. आणि झूम खेचला की त्या कॅमेऱ्याचं भिंग मंद पडायचं. देवळात दोन पिवळे दिवे आणि समया. शटर गेलं १/१५ सेकंदावर. कीर्तनकार काय स्थिर उभा राहतो का? चेहरा हललेला, हात पुसलेले, बाकी सगळे दाणेच दाणे.

कॅमेऱ्याचं नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हतीच. सेन्सर खरंच मोठा होता. चूक आमच्या मोजपट्टीची होती. आज त्या मोजपट्टीचीच समीक्षा करायची आहे. जाहिरातींत, परीक्षणांत, दुकानातल्या गप्पांत आणि आमच्याही तोंडी जी पट्टी बसली आहे, ती नेमकं काय मोजते आणि काय लपवते, ते बघू.

आधी नावापासून सुरू करू. 'एक इंची सेन्सर' हे शब्द आपण सगळे वापरतो. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. त्या सेन्सरवर पट्टी ठेवा, २५.४ मिमी कुठेच भरत नाहीत. रुंदी १३.२ मिमी, उंची ८.८ मिमी, कर्ण साधारण १६ मिमी. मग इंच आला कुठून? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून तिचं माप सांगत. चित्र पडायची जागा त्याहून बरीच लहान, कर्ण साधारण दोनतृतीयांश. नळ्या गेल्या, माप सांगायची रीत राहिली. म्हणजे ज्या आकड्यावर आपण पैसे मोजतो, तो आकडा वस्तूचा नाहीच, तिच्या पणजोबांच्या डब्याचा आहे.

खरे आकडे चौरस मिलिमीटरमध्ये ऐका. साध्या लांब झूमच्या कॅमेऱ्यांत असतो तो १/२.३ इंची सेन्सर, २८ चौ. मिमी. 'एक इंची' ११६. फोर थर्ड्स २२५. एपीएस-सी साधारण ३६७. आणि फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, ८६४. फरक मोठे आहेत, हे खोटं नाही. आम्ही आजही म्हणत नाही की सेन्सरच्या आकाराला अर्थ नाही. प्रश्न असा आहे की तो अर्थ कुठे लागू होतो.

आता भिंगाकडे येऊ. कॅमेऱ्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं '२४-७० मिमी, एफ/१.८-२.८'. यातला पहिला भाग रूपांतरित असतो. म्हणजे फुल फ्रेमवर ज्या फोकल लेंथने एवढीच चौकट दिसली असती, ती. दुसरा भाग मात्र जसाच्या तसा. एक आकडा फुल फ्रेमच्या भाषेत, दुसरा आकडा या सेन्सरच्या भाषेत, आणि दोन्ही एकाच ओळीत शेजारी शेजारी. उत्पन्न डॉलरमध्ये आणि खर्च रुपयांत लिहिलेला जमाखर्च कोणी तुमच्यापुढे ठेवला, तर तुम्ही मान्य कराल का? इथे आपण वर्षानुवर्षं करत आलो.

खरं बोलते ती भिंगाची कडी. कॅमेरा हातात घ्या, भिंगाभोवतीची बारीक अक्षरं वाचा. सोनीच्या आरएक्स १०० च्या तिसऱ्या मॉडेलची खरी फोकल लेंथ आहे ८.८ ते २५.७ मिमी. आता साधा भागाकार करा. फोकल लेंथ भागिले एफचा आकडा, म्हणजे भिंगाचं प्रकाश घेणारं छिद्र किती मिमीचं, ते. ८.८ भागिले १.८, साधारण ४.९ मिमी. झूम खेचल्यावर २५.७ भागिले २.८, साधारण ९.२ मिमी. हा भागाकार शाळेतलं पोर करेल. पण आम्ही इतकी वर्षं परीक्षणं वाचली, लिहिलीही, आणि हा भागाकार करायचं आमच्या डोक्यात आलं नाही.

या छिद्राला एवढं महत्त्व का? असं बघा. समोर एक माणूस उभा आहे. त्याच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश सगळीकडे पसरतो. त्यातला किती तुमच्या कॅमेऱ्यात शिरणार? जेवढं छिद्र, तेवढा. अंतर तेच, शटरचा वेळ तोच, तर चेहऱ्याचा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो. सेन्सर मोठा की लहान, हा प्रश्न त्या प्रकाशाच्या वाटेत येतच नाही. मोठ्या सेन्सरवर तोच प्रकाश पसरून पडेल, लहानावर दाटून पडेल, एवढंच.

एफच्या आकड्याचं काय मग? पावसाचं उदाहरण घ्या. एफचा आकडा म्हणजे पावसाचा जोर, सेन्सर म्हणजे अंगणात ठेवलेलं भांडं. रिमझिम पावसात परात ठेवली आणि मुसळधार पावसात पातेलं ठेवलं, तर पाणी कशात जास्त? नुसत्या भांड्याकडे बघून सांगता येणार नाही. नुसत्या जोराकडे बघूनही नाही. दोन्ही लागतात. आणि आपण इतकी वर्षं नुसत्या भांड्यांची लांबीरुंदी सांगत आलो.

हवेतलं बोलणं नको म्हणून एक जोडी घेऊ. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, म्हणजे या कंपनीचं भिंग चांगलं की त्या कंपनीचं हा वाद नको. कॅननने २०१२ मध्ये जी१ एक्स काढला. सेन्सर १८.७ बाय १४ मिमी, म्हणजे 'एक इंची'च्या दुपटीहून मोठा. भिंग २८-११२, एफ/२.८-५.८. वजन ५३४ ग्रॅम. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच कंपनीने जी७ एक्स काढला. सेन्सर 'एक इंची', भिंग २४-१००, एफ/१.८-२.८, वजन ३०४ ग्रॅम. आमच्या जुन्या पट्टीने निकाल काय? जी१ एक्स मोठा, म्हणून अंधारात चांगला.

भागाकार करू. जी१ एक्सची लांबची फोकल लेंथ ६०.४ मिमी, भागिले ५.८, छिद्र १०.४ मिमी. जी७ एक्सची ३६.८, भागिले २.८, छिद्र १३.१ मिमी. क्षेत्रफळाने बघितलं तर लहान सेन्सरचा कॅमेरा लांबच्या माणसाचा प्रकाश दीडपटीहून जास्त गोळा करतो. रुंद टोकाला दोघं जवळजवळ बरोबरीत. म्हणजे जवळपास सव्वादोनशे ग्रॅम जास्त वजन उचलून, मोठा सेन्सर घेऊन, देवळातल्या कीर्तनाला तुम्ही मागेच पडणार. कंपनीलाही हे कळत असणार, कारण जी१ एक्सच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये सेन्सरचा वर्ग तोच ठेवून भिंग एफ/२-३.९ केलं. भांडं तेच, पावसाचा जोर वाढवला.

दुसरं उदाहरण अजून बोलकं आहे, कारण त्यात सेन्सरचा आकार बदलतच नाही. सोनीचं आरएक्स १०० घराणं. तीन मॉडेलं घेऊ. पहिलं २०१२ चं : २८-१००, एफ/१.८-४.९, वजन २४० ग्रॅम. तिसरं २०१४ चं : २४-७०, एफ/१.८-२.८, २९० ग्रॅम. सहावं २०१८ चं : २४-२००, एफ/२.८-४.५, ३०१ ग्रॅम. तिघांचा सेन्सर 'एक इंची'. पुढून बघितलं तर रुंदी-उंचीही तीच, जाडी तेवढी पहिल्यात ३६ मिमीच्या आसपास आणि सहाव्यात ४३ च्या आसपास. सेन्सरच्या यादीत हे तिघं एकाच ओळीत बसतात. वापरायला घ्या, तीन वेगळे कॅमेरे आहेत.

पहिल्याचं लांबचं छिद्र ७.६ मिमी. तिसऱ्याचं ९.२. यातून एक गंमत निघते. पहिला १०० पर्यंत जातो, तिसरा ७० लाच थांबतो. दुकानात कोणीही म्हणेल, लांबचं काढायचंय ना, पहिला घ्या. पण तिसऱ्याने ७० वर काढलेला फोटो घरी येऊन १०० च्या चौकटीएवढा कापला, तरी त्या चेहऱ्यावर पहिल्यापेक्षा जवळजवळ दीडपट प्रकाश पडलेला असतो. बदल्यात काय जातं? पिक्सेल निम्मे होतात, २० मेगापिक्सेलचे १० राहतात. पण अंधारात, हलणाऱ्या माणसाचे १० चांगले मेगापिक्सेल की २० धुरकट? घरच्या अल्बमसाठी तरी उत्तर सरळ आहे.

आता सहावं मॉडेल. ते आलं तेव्हा ओरड झाली की भिंग मंद केलं, एफ/१.८ चं एफ/२.८ केलं. ओरड निम्मी बरोबर आहे. २४ च्या टोकाला तिसऱ्याचं छिद्र ४.९, सहाव्याचं ३.२ मिमी. दिवाणखान्यात रात्री जेवणाच्या पंगतीचा फोटो काढायचा, तर तिसरा दुपटीहून जास्त प्रकाश घेतो. तिथे सहावा हरला. पण २०० च्या टोकाला सहाव्याची खरी फोकल लेंथ ७२ मिमी, भागिले ४.५, छिद्र १६ मिमी! तिसऱ्याचा फोटो कापून २०० च्या चौकटीवर आणला, तर सहावा त्याच्या तिप्पट प्रकाश घेतो. एफ/४.५ ला 'मंद' म्हणून आम्हीही नाक मुरडलं होतं. पण आपण उभे राहू तिथून, आपल्याला हवी त्या चौकटीत, छिद्र किती, हे विचारलं की निकाल उलटतो.

म्हणून आमची नवी पट्टी अशी : आधी चौकट ठरवा, मग त्या चौकटीला छिद्र मोजा. सेन्सर त्यानंतर.

एवढं ऐकल्यावर समोरून कोणी म्हणेल, मग सेन्सर हवाच कशाला मोठा? सगळं भिंगानेच होतंय. थांबा, इतक्या लवकर दुसऱ्या टोकाला जायचं नाही. मोठ्या सेन्सरच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या मोठ्या आहेत.

पहिली, भरपूर उजेडातली. दुपारचं ऊन, पांढरं धोतर, झाडाखालची काळी सावली. इथे प्रकाशाची टंचाई नाही. प्रश्न आहे भांडं भरून वाहण्याचा. लहान भांडं लवकर भरतं, मग पांढरं फटफटीत होतं किंवा सावल्या बुजतात. परात जास्त साठवते. अशा वेळी मोठा सेन्सर सरस ठरतो, आणि भिंग एफ/२.८ आहे की एफ/४, याने फारसं बिघडत नाही. म्हणजे बघा, मोठा सेन्सर लोक घेतात रात्रीसाठी, आणि भिंग मंद असेल तर तो कामाला येतो भर दुपारी.

दुसरी गोष्ट मोठं करण्याची. ए४ आकाराचा फोटो छापायचा, तर १/२.३ इंची सेन्सरवरचं चित्र साधारण ४८ पट मोठं करावं लागतं. 'एक इंची'वरचं २२-२३ पट. एपीएस-सीवरचं १३ पटही नाही. ४८ पट मोठं करताना भिंगाची प्रत्येक उणीव ४८ पट होते. त्यात प्रकाशाचा स्वतःचा स्वभाव आहे, लहान छिद्रातून जाताना तो पसरतो. एफ/८ वर एका ठिपक्याचा वर्तुळाकार डाग साधारण १०.७ मायक्रोमीटरचा होतो. निकॉनचा पी १००० घ्या, २०१८ चा. झूम २४ ते ३०००, लहान सेन्सर, लांबच्या टोकाला एफ/८. त्याचा एक पिक्सेल साधारण १.३ मायक्रोमीटरचा. म्हणजे एक ठिपका आठ पिक्सेल रुंदीवर सांडतो. मेगापिक्सेल कागदावर १६, पण त्या टोकाला खरा तपशील त्याहून बराच कमी. हा कोणाच्या कारागिरीचा दोष नाही. हे भौतिकशास्त्र आहे.

आणि याच पी १००० कडून एक धडा आहे. लहान सेन्सर म्हणजे लहान कॅमेरा असं आपण धरून चालतो. याचं वजन १,४०० ग्रॅमच्या वर. का? लांबची फोकल लेंथ ५३९ मिमी, भागिले ८, छिद्र ६७ मिमीचं. एवढं छिद्र हवं तर एवढी काच हवीच. सेन्सर नखाएवढा असो, काच कमी होत नाही. तलावावरच्या पक्ष्यासाठी कोणी हा कॅमेरा घेतला तर आम्ही हसणार नाही. ६७ मिमीचं छिद्र पक्ष्याकडे लावायचं, तर दुसरे रस्ते याहून जड आणि महाग आहेत.

मग खिशात बसेल, मोठा सेन्सर असेल, भिंग तेजस्वी असेल आणि झूमही असेल, असा कॅमेरा? नाही. या चारपैकी एक सोडावंच लागतं. रिकोच्या जीआरने झूम सोडला. एपीएस-सी सेन्सर, एकच २८ ची चौकट, एफ/२.८, छिद्र साडेसहा मिमी. तिसऱ्या मॉडेलचं वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. फुजीफिल्मच्या एक्स १०० ने झूम सोडला आणि खिसाही थोडा सोडला. ३५ ची चौकट, २३ मिमी एफ/२, छिद्र साडेअकरा मिमी. पॅनासॉनिकच्या एलएक्स १०० ने, २०१४ मध्ये, झूम २४-७५ एवढाच ठेवला, फोर थर्ड्स सेन्सरचा पूर्ण भागही वापरला नाही, पण भिंग एफ/१.७-२.८ दिलं. रुंद टोकाला त्याचं छिद्र ६.४ मिमी, म्हणजे एपीएस-सी असलेल्या रिकोच्या जवळपास तेवढंच. आम्हाला हे तिन्ही कॅमेरे आवडतात, कारण काय सोडलं ते ते लपवत नाहीत. डब्यावर सगळंच आहे असं सांगणाऱ्या कॅमेऱ्यात काहीतरी सोडलेलं असतंच, फक्त ते भिंगाच्या कडीवर बारीक अक्षरांत असतं.

आता फोनचा मुद्दा, कारण तो कोणीतरी विचारणारच. शाओमीच्या १२एस अल्ट्रामध्ये २०२२ साली 'एक इंची' सेन्सर आला, २३ ची चौकट, एफ/१.९. छिद्र साडेचार मिमीच्या आसपास. म्हणजे आरएक्स १०० च्या तिसऱ्या मॉडेलच्या रुंद टोकाला जवळजवळ गाठलंच. वर फोन एकामागून एक फोटो घेऊन एकत्र करतो, ते वेगळंच. रुंद चौकटीच्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा घ्यायचा, तर आता भक्कम कारण लागतं. कॅमेऱ्याची जागा उरली ती दूरच्या चेहऱ्याला. जिथे ९ मिमी, १३ मिमी, १६ मिमीचं छिद्र लागतं, तिथे. आणि नेमकं त्याच टोकाचे आकडे परीक्षणांत शेवटच्या परिच्छेदात येतात.

समीक्षा म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. सेन्सरच्या आकाराची तक्ते आणि रंगीत चौकोनांची चित्रं खोटी नाहीत. पण ती अर्धं वाक्य आहेत. अर्धं वाक्य पूर्ण समजून विकलं गेलं, आणि आम्ही ते पुढे विकलं, फुकट. आम्ही पैसे घेतले नाहीत, हा काही बचाव होत नाही. सल्ल्याची किंमत ज्याने ऐकला त्यानेच मोजली.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला विचारलं की कुठला कॅमेरा घेऊ, तर बजेटच्या आधी तीन प्रश्न विचारा. फोटो कोणाचा काढणार? तुम्ही कुठे बसलेले असणार? आणि तिथे उजेड किती? उत्तरं आली की त्या चौकटीला भागाकार करा. जवळून, घरात, रात्री? रुंद टोकाचं छिद्र बघा. लांबून, सभागृहात? लांबच्या टोकाचं बघा. बाहेर, उन्हात, मोठं छापायचंय? मग खुशाल सेन्सर बघा.

त्या ताईंचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. कीर्तनाचे फोटो गेले ते गेले. पण आरती झाल्यावर लोक पाया पडायला पुढे सरकले, तशा त्याही उठल्या, वडिलांपासून हातभर अंतरावर पोचल्या आणि झूम मिटवून एक फोटो काढला. वडिलांच्या गळ्यात हार, कपाळावर बुक्का, आणि ते कोणाला तरी हात जोडताहेत. तो फोटो स्वच्छ आला. भिंग उघडं होतं, माणूस जवळ होता. आज तो त्यांच्या घरात भिंतीवर आहे. कॅमेरा तोच, सेन्सर तोच. आम्ही जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते त्यांनी उठून चार पावलं चालून स्वतः शोधून काढलं.

प्रश्न असतील तर घेऊ. आणि हो, कॅमेरे बरोबर आणले असतील तर काढा, आधी भिंगाची कडी वाचून भागाकार करून घेऊ.